डॉक्समध्ये पहिल्यांदा लिहून राहिले? मग बसा, सांगतो

आमच्या ग्रुपमध्ये दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी नवीन येतं, बहुतेक इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचं पोट्टं नाहीतर पोट्टी, कोडला हात लावायची हिंमत अजून झालेली नसते म्हणून म्हणतात की भाऊ डॉक्युमेंटेशनपासून सुरू करतो, सोपं असते ना ते. मी काही बोलत नाही. धरमपेठेत रविवारी आम्ही बसतो तिथं तर्री पोहे सांगतो आणि एक पान दुरुस्त करायला देतो. दोन आठवड्यांनी तेच म्हणतात की यापेक्षा कोड बरा होता बाप्पा.

आम्ही दुकानाचा हिशोब आणि स्टॉक सांभाळायच्या एका मुक्त सॉफ्टवेअरचं मराठी डॉक्युमेंटेशन, म्हणजे ते कसं वापरायचं ते सांगणारी पानं, सांभाळतो. नवी पानं मार्कडाउनमध्ये आहेत, जुनी रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये (साध्या मजकुरात खुणा घालून पान बनवायच्या या दोन पद्धती), आणि दोन्हीचे नखरे वेगवेगळे. दर वेळी तेच ते तोंडी सांगून कंटाळलो म्हणून एकदाचं लिहून टाकतो. तुमचा प्रोजेक्ट दुसरा असला तरी यातलं बरंचसं चालेल, फक्त त्या प्रोजेक्टची स्वतःची नियमावली असेल तर आधी ती वाचा, माझ्यापेक्षा तिचं वजन जास्त.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या. तुम्ही लिहिलेलं पान तुमचं राहत नाही. रविवारी तुम्ही लिहिता, बुधवारी दुसरं कोणी त्यात एक ओळ घालतं, सहा महिन्यांनी तिसरं कोणी अर्धं उडवतं. त्यामुळे खालचा कुठलाही नियम काहून आहे असं वाटलं तर स्वतःला एवढंच विचारा: ज्यानं हे पान आधी कधी पाहिलं नाही त्याला उद्या यात एक शब्द बदलायचा झाला तर तो न घाबरता बदलू शकेल का?

पहिली पायरी: पान कशाचं आहे ते ठरवा

डॅनिएल प्रोसिडा म्हणून एक गृहस्थ आहेत, त्यांनी डॉक्युमेंटेशनचे चार प्रकार पाडलेत: शिकवणारं, काम करून देणारं, माहिती नोंदवणारं आणि समजावून सांगणारं. ऐकायला पुस्तकी वाटतं पण नागपूरच्या माणसाला कूलरवरून लगेच समजतं.

समजा कोणी पुण्याहून पहिल्यांदा नागपुरात राहायला आलं आणि मे महिना आहे. त्याला हाताला धरून पहिला कूलर खिडकीत बसवून द्यायचा, मध्ये शाखा फोडायच्या नाहीत, "असंही करता येतं" म्हणायचं नाही, शेवटी थंड हवा आलीच पाहिजे, हे शिकवणारं पान. तुम्ही इथलेच, कूलर नेहमीचा, फक्त ताट्या बदलायच्या आहेत तर पाच ओळींत कसं ते सांगा, हे काम करून देणारं पान. टाकी किती लिटरची, पंप किती वॅटचा, पंख्याचं पातं किती इंचाचं याचा तक्ता म्हणजे माहितीचं पान. आणि मे मध्ये जो कूलर हाड गोठवतो तोच जुलैमध्ये नुसता चिकचिकाट काहून करतो, कारण पावसाळ्यात हवेत आधीच ओल असते मग ताटीवरचं पाणी वाफ होऊन उडतच नाही आणि ते उडालं नाही तर हवा थंड होणार कशी, हे समजावणारं पान.

नवीन लोक हे चारही एकाच पानात कोंबतात. ताट्या बदलायला आलेल्या माणसाला आधी बाष्पीभवन वाचावं लागतं. असं करू नका. समजावायचं असेल तर वेगळ्या पानावर समजावा आणि लिंक द्या.

दुसरी पायरी: हत्यारं

साधा टेक्स्ट एडिटर घ्या. वर्ड नको. काहून नको ते सांगतो: वर्ड सरळ अवतरणचिन्हाचं आपोआप वळणदार अवतरण करतं, आणि जोडून दिलेल्या दोन आडव्या रेषांची एक लांब रेघ करतं. वाचताना छान दिसतं. पण कमांडमध्ये सरळ "हे" चिन्ह हवं असतं आणि वाचकानं पानावरून कॉपी केलं तर टर्मिनलला “हे” मिळतं, जे त्याच्या लेखी अवतरण नाहीच. आमच्यातल्या एकीनं इन्स्टॉलचं पान वर्डमध्ये लिहून मग चिकटवलं होतं, एका दुकानदाराचा मुलगा संध्याकाळभर ती कमांड चालवत बसला, त्याचं काही चुकलेलं नव्हतं आणि स्क्रीनकडे बघून आम्हालाही काही कळेना, शेवटी फॉन्ट मोठा केला तेव्हा दिसलं.

फाइल यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये सेव्ह करा. कोणी डीटीपीवाल्याकडून मजकूर आणून दिला तर तो कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहे का ते बघा, असेल तर कन्व्हर्टरमधून काढा आणि मग ओळ न ओळ वाचा, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास घसरलेले असतात.

फाइलचं नाव इंग्रजी लहान अक्षरांत, शब्दांमध्ये आडवी रेघ, मोकळी जागा नाही. मराठीचा अभिमान मलाही आहे पण देवनागरी नावाची फाइल गिट (फाइलींतले बदल नोंदवून ठेवणारं साधन) मूळ सेटिंगमध्ये उलट्या तिरप्या रेघा आणि आकड्यांच्या माळेसारखी दाखवतं, मग कोणती फाइल बदलली तेच कळत नाही. सेटिंग बदलता येतं, पण ते प्रत्येकाला आपापल्या मशीनवर बदलावं लागतं, आणि कोण बदलणार.

तिसरी पायरी: वाक्य

"क्लिक करा" लिहा. "क्लिक करावे" नको, "क्लिक केले जाते" तर मुळीच नको, कोण करून राहिलं ते कळत नाही, प्रोग्राम आपोआप करतो की मी करायचं?

या "करावे"ची गंमत अशी की सरकारी कागदावर तो हुकूम असतो आणि घरी तीच सूचना असते. "पाणी भरावे" म्हणजे भरलंच पाहिजे की भरलं तर बरं? इंटरनेटची मानकं लिहिणाऱ्यांनाही हाच घोळ सोडवावा लागला होता, म्हणून १९९७ मध्ये आर एफ सी २११९ हे टिपण निघालं ज्यात कोणत्या शब्दाचा अर्थ सक्ती, कोणत्याचा शिफारस आणि कोणत्याचा मुभा ते ठरवून टाकलं. आम्ही मराठीत तीन रूपं ठरवलीत: सक्ती असेल तर "करायलाच हवं", शिफारस असेल तर "केलेलं बरं", मुभा असेल तर "केलं तरी चालेल". चौथं रूप नाही. भाषा थोडी रुक्ष होते, होऊ द्या.

एका पायरीत एकच काम. अट आधी, काम नंतर: "जुना डेटा ठेवायचा असेल तर अमुक बटण दाबा", उलटं लिहिलं तर माणूस बटण दाबून मोकळा होतो आणि मग अट वाचतो. इशाऱ्याचंही तसंच. आमच्या एका पानावर तीन नंबरच्या पायरीत जुन्या नोंदी काढून टाकायची कमांड होती आणि चार नंबरच्या आधी ठळक अक्षरात "वरील पायरीपूर्वी बॅकअप घ्या". ते पान मीच लिहिलं होतं. उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागल्याच्या बातम्या आपण वाचतोच, तर टाकीत हात घालायला सांगून नंतर प्लग काढायची आठवण करून देणारा माणूस जसा वाटेल तसा मी त्या दिवशी वाटलो.

पायरी झाल्यावर वाचकाला काय दिसेल तेही एका ओळीत सांगा. "यादीत नवीन वस्तू दिसेल." एवढं पुरतं, पण ते नसलं की माणूस पुढं जायला घाबरतो.

आता लिंगाचा प्रश्न. हसू नका, यावर आमचा एक अख्खा रविवार गेलाय. फाइल ती, सर्व्हर तो, बटण ते, इथपर्यंत सगळे एकमत. फोल्डर तो की ते? त्यात आपल्याकडे हिंदीचा शेजार, त्यामुळे एकाच पानावर "नवीन फोल्डर तयार होतो" आणि खाली "ते फोल्डर उघडा" असं दोन्ही सापडायचं. शेवटी एक शब्दयादी केली, प्रत्येक उसन्या शब्दापुढं त्याचं लिंग, अनेकवचन आणि आम्ही ठरवलेलं स्पेलिंग. तुम्हाला यादीतलं पटलं नाही तर यादी बदलायचा प्रस्ताव द्या, पण पानात परस्पर वेगळं लिहू नका. बदल यादीत झाला तर सगळीकडे करता येतो, पानात झाला तर फक्त एक पान वेडं होतं.

भाषांतराबद्दल एवढंच की स्क्रीनवर जो शब्द आहे तोच लिहा. स्क्रीनवर "सेव्ह" असेल तर पानात "जतन करा" लिहून वाचकाला बटण शोधायला लावू नका.

चौथी पायरी: खुणा, म्हणजे मार्कअप

मार्कडाउन जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये काढलं. कल्पना अशी की खुणा घातलेला मजकूर न बदलता नुसता वाचला तरी वाचता आला पाहिजे. पण नियम थोडे ढिले राहिले, प्रत्येक साधनानं आपापला अर्थ लावला, म्हणून २०१४ मध्ये कॉमनमार्क नावानं नियम काटेकोर लिहायचं काम सुरू झालं. तुम्हाला इतिहास पाठ करायची गरज नाही, पण आपल्या प्रोजेक्टचं साधन कुठली बोली समजतं ते विचारून घ्या, कारण एका ठिकाणी चाललेलं दुसऱ्या ठिकाणी चालेलच असं नाही.

खूण अर्थासाठी असते, शोभेसाठी नाही, आणि नवीन लोक सगळ्यात जास्त इथंच चुकतात. शीर्षक हवं असेल तर शीर्षकाची खूण द्या, ओळ ठळक करून शीर्षकासारखी दाखवू नका. डोळ्यांना दोन्ही सारखं दिसतं पण जो माणूस स्क्रीन रीडरवर ऐकून वाचतो तो शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारत जातो, त्याच्यासाठी तुमचं ठळक शीर्षक अस्तित्वातच नाही, आणि बाजूच्या अनुक्रमणिकेतही ते येत नाही. एका पानावर एक # वालं शीर्षक, त्याखाली ##, त्याखाली ###. मधली पातळी गाळू नका.

ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा दिल्या की मार्कडाउनमध्ये नवी ओळ सुरू होते. डोळ्यांना न दिसणारी खूण! आणि कितीतरी एडिटर ओळीच्या शेवटची मोकळी जागा स्वतःहून पुसतात. शक्यतो सरळ नवा परिच्छेद करा.

प्रत्येक वाक्य फाइलमध्ये नव्या ओळीवर सुरू करा. पानावर ते सलगच दिसेल, पण कोणी एक वाक्य बदललं तर गिटला तेवढीच ओळ बदललेली दिसते, अख्खा परिच्छेद लाल-हिरवा होत नाही. युनिक्सवाले ब्रायन कर्निगन यांनी नवशिक्यांसाठी लिहिलेल्या टिपणात हा सल्ला १९७४ मध्येच दिला होता. आणि गिट तर २००५ चं.

तक्त्यातल्या उभ्या रेघा एकाखाली एक आणण्यात वेळ घालवू नका. देवनागरीत प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी, तुमच्या एडिटरमध्ये जुळलेलं माझ्याकडे वाकडंच दिसणार.

आता मराठीची खास अडचण, जी इंग्रजी नियमावलीत तुम्हाला सापडणार नाही. आपण प्रत्यय शब्दाला चिकटवतो. बटणावर, फाइलला, मेनूतून. आणि खुणांचे नियम लिहिणाऱ्यांच्या डोक्यात शब्दानंतर मोकळी जागा असणारी भाषा होती. म्हणून हे बघा, दोन-दोन चांदण्यांमधलं (**) ठळक व्हायला हवं आणि अधोरेषांमधलं (_) तिरपं:

```
**जतन करा**वर क्लिक करा
**"जतन करा"**वर क्लिक करा
_स्टॉक_मध्ये नोंद करा
```

पहिली ओळ कॉमनमार्कच्या नियमानं नीट ठळक होते. दुसरी होत नाही, चांदण्या जशाच्या तशा पानावर दिसतात. कारण शेवटच्या चांदण्यांच्या आधी विरामचिन्ह आहे आणि नंतर लगेच अक्षर, तर साधनाला वाटतं की ही बंद करणारी खूण नाहीच. कंस, टिंब, अवतरण, काहीही शेवटी आलं की तेच होतं. तिसऱ्या ओळीतलं तिरपं अक्षरही होत नाही, कारण अधोरेषा शब्दाच्या पोटात आली तर ती खूण धरायची नाही असा नियम आहे आणि "मध्ये" चिकटल्यामुळे ती पोटातच आली. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये तर आणखी कडक, तिथं खुणेनंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह लागतंच, त्यामुळे पहिली ओळसुद्धा मोडते. तिथं मधे उलटी तिरपी रेघ आणि एक मोकळी जागा घालावी लागते, ती पानावर दिसत नाही:

```
**जतन करा**\ वर क्लिक करा
```

नवीन माणसाला हे लक्षात राहत नाही, मलाही राहत नाही. म्हणून आम्ही वाक्यच बदलतो: "**जतन करा** हे बटण दाबा". प्रत्यय शब्दाला लागलाच नाही तर भांडणच नाही. तिरप्या अक्षरांचं तर आम्ही नावच काढून टाकलंय, देवनागरीच्या बहुतेक फॉन्टमध्ये खरं तिरपं रूप नसतं, ब्राउझर उभी अक्षरं ढकलून तिरपी करतो आणि ती वादळात सापडलेल्या होर्डिंगसारखी दिसतात. ठळक फक्त स्क्रीनवरच्या शब्दांसाठी, कमांड आणि फाइलचं नाव उलट्या अवतरणात (`), बाकी सगळं साधं.

कमांडचा मोठा तुकडा असेल तर वर-खाली तीन-तीन उलटी अवतरणं द्या आणि वरच्या ओळीत भाषेचं नाव. आत सुरुवातीचं डॉलरचं चिन्ह लिहू नका, लोक ते पण कॉपी करतात. कमांड एका चौकटीत, तिचा निकाल दुसऱ्या चौकटीत. आणि चौकटीच्या आत आकडे इंग्रजीच, पोर्ट नंबर देवनागरीत लिहिला तर प्रोग्राम तो आकडा म्हणून घेईलच याचा भरवसा नाही. बाहेर वाक्यात देवनागरी आकडे लिहा की, कोणी अडवत नाही.

लिंक देताना "इथे क्लिक करा" नको, "बॅकअप घ्यायची पद्धत" असं लिहून त्यावर लिंक द्या. "वरच्या चित्रात", "खालच्या भागात" हेही टाळा. आपण नागपुरात पत्ता कसा सांगतो, बर्डीवरून सरळ या, मग पानठेल्यापासून डावीकडे. आणि पानठेला उठून पलीकडे गेला की? उद्या कोणी मधला भाग हलवला की तुमचं "खालचं" वर जातं. पत्ता द्यायचा तर जीरो माईलसारखा द्या, जो दगड हलत नाही. म्हणजे ज्या शीर्षकावर लिंक येणार आहे त्याला स्वतःच्या हातानं इंग्रजी अक्षरांत ओळखखूण द्या. साधनावर सोडलं तर काही साधनं मराठी शीर्षकातल्या काना-मात्रा गाळून खूण बनवतात, काही नुसता क्रमांक लावतात, मग मध्ये एक नवीन शीर्षक घातलं की पुढचे सगळे क्रमांक सरकतात आणि "बॅकअप"ची लिंक "डिलीट"वर उघडते. हे खरंच झालेलं आहे.

पाचवी पायरी: सारखी दिसणारी वेगळी अक्षरं

एकदा एका वाचकानं कळवलं की तुमच्या डॉक्समध्ये ॲपबद्दल काहीच नाही. सतरा पानांवर होतं. झालं असं की ॲ दोन प्रकारे टाइप होतो. एक, अ काढून त्यावर ॅ लावायचा, अॅ. दुसरा, ॲ हे एकच स्वतंत्र अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत आलं. दिसायला दोन्ही एक, संगणकासाठी दोन, आणि युनिकोडची जी एकसारखं करायची प्रक्रिया असते तीसुद्धा या दोघांना एक करत नाही. आमच्यातले अर्धे लोक मोबाइलवरून लिहिणारे, अर्धे इनस्क्रिप्ट कीबोर्डवाले, त्यामुळे निम्मी पानं सर्चमध्ये गायब. आता नियम आहे: एकच स्वतंत्र ॲ, आणि पाठवायच्या आधी जुना शोधून बदला.

दुसरी जोडी "दुसऱ्या" मधला अर्धा ऱ. तो खालच्या टिंबवाल्या ऱ पासून करता येतो किंवा साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडक घालून. आम्ही पहिला धरलाय. जोडक विसरला तर रफार होऊन "दुसर्या" असं काहीतरी दिसतं, ते तर लगेच खटकतंच.

तिसरं, विसर्ग आणि अपूर्णविराम. मराठी कीबोर्डवर घाईत : ऐवजी ः पडतो. वाक्यात कोणाला कळत नाही, पण पानाच्या अगदी वर शीर्षक, लेखक, तारीख लिहायचा जो भाग असतो तो यॅमल नावाच्या मांडणीत असतो, तिथं : आणि त्यानंतर एक मोकळी जागा हेच चालतं. विसर्ग पडला की पान बनतच नाही आणि एरर वाचून काही बोध होत नाही. एरर आली, सगळं बरोबर दिसून राहिलं, तर पहिला संशय विसर्गावर घ्या.

सहावी पायरी: उदाहरणं आणि चित्रं

उदाहरणात खरा मोबाइल नंबर नको, मित्राचा नको, मनानं रचलेलाही नको, रचलेला नंबरही कोणाचा तरी असतोच. वेबसाइटचा पत्ता हवा असेल तर एक्झाम्पल डॉट कॉम वापरा, तो याच कामासाठी राखून ठेवलेला आहे, १९९९ च्या आर एफ सी २६०६ मध्ये तसं लिहिलंय. आयपी पत्ता हवा असेल तर १९२.०.२ नं सुरू होणारे घ्या, तेही कागदपत्रांसाठीच राखीव आहेत. ग्राहकाचं नाव "ग्राहक १" असलं तरी कोणाचं काही अडत नाही.

स्क्रीनशॉट जितके कमी तितके बरे. पुढच्या आवृत्तीत बटणाची जागा बदलली की वाक्य दोन मिनिटांत दुरुस्त होतं, चित्र पुन्हा काढायला कोणी बसत नाही. टाकायचाच असेल तर कोपऱ्यातलं नोटिफिकेशन, उघडे असलेले बाकीचे टॅब, ईमेल हे सगळं बघा, आणि चित्राला वर्णनाची ओळ द्या, "स्क्रीनशॉट" एवढं नाही तर त्यात काय दिसतं ते.

दुसरीकडचा मजकूर उचलून आणू नका. उघडा दिसतो म्हणजे फुकट आहे असं नसतं, परवाना बघा. आमचं डॉक्युमेंटेशन क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या परवान्याखाली आहे त्यात श्रेय देणं आणि पुढचं कामही त्याच परवान्यानं देणं बंधनकारक आहे, त्याच्याशी न जुळणारं आत आलं की नंतर काढताना सगळ्यांना त्रास. आणि एआयकडून लिहून घेतलं असेल तर प्रत्येक कमांड स्वतः चालवून बघा, मगच द्या. न चालवलेली कमांड कोणी लिहिली यात मला रस नाही.

सातवी पायरी: पाठवणं

गिटची भीती घालवायची तर एवढंच समजा: रिपॉझिटरीची (प्रोजेक्टच्या सगळ्या फाइलींच्या साठ्याची) स्वतःची प्रत करायची म्हणजे फोर्क, त्यात एक फांदी काढायची म्हणजे ब्रँच, त्यावर बदल नोंदवायचा म्हणजे कमिट, आणि मूळ मालकांना म्हणायचं की बघा, घेता का, म्हणजे पुल रिक्वेस्ट. मुख्य ब्रँचवर थेट काम करू नका.

एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच विषय. हे मी हात जोडून सांगतो. शुद्धलेखन दुरुस्त करता करता मोकळ्या जागा नीट केल्या, मग शीर्षकं बदलली, मग एक पायरीही सुधारली, असं सगळं एकत्र आलं तर तपासणाऱ्याला चारशे ओळींत ती एक पायरी सापडत नाही, आणि तीच चुकीची असते.

कमिटचा निरोप असा लिहा की पहिली ओळ छोटी, पन्नासेक अक्षरांची, मग एक ओळ रिकामी, मग का केलं ते:

```
स्टॉक पान: बॅकअपचा इशारा आधी आणला

इशारा डिलीटच्या पायरीनंतर होता.
वाचक क्रमानं गेला तर बॅकअप राहून जायचा.
```

"बदल केले" असा निरोप लिहू नका, बदल केले ते तर दिसूनच राहिलंय.

पाठवायच्या आधी पान स्वतःच्या मशीनवर बनवून बघा, वॉर्निंग वाचा, आणि मोबाइलवर उघडा, कारण आमचे बरेच वाचक दुकानात गल्ल्यावर बसून मोबाइलवरच वाचतात आणि सहा रकान्यांचा तक्ता तिथं नुसता सरकवत बसावा लागतो. मग मोठ्यानं वाचा. जिथं जीभ अडखळते तिथं वाक्य तोडा.

तपासणीत शेरे येतील. आपण नागपूरचे लोक समोरासमोर "काय बे हे" म्हणून हसून मोकळे होतो, तेच लिहिलं की समोरच्याला झोंबतं, म्हणून शेरा देणाऱ्यांना आम्ही सांगितलंय की प्रश्न विचारा आणि कारण लिहा: "इथं वाचकानं लॉगिन केलेलं असेल का? नसेल तर ही पायरी चालणार नाही." तुम्हालाही पटलं नाही तर तसं लिहा, गप्प बसून सगळं मान्य करू नका, कधी कधी तपासणाराच चुकतो, मी तर बऱ्याचदा. पण "मला असंच आवडतं" हे कारण दोन्ही बाजूंनी चालत नाही.

पहिलं काम कोणतं घ्यायचं असं विचाराल तर नवीन पान घेऊ नका. इन्स्टॉलचं पान घ्या, कोऱ्या मशीनवर अक्षरशः लिहिलंय तसंच करत जा, स्वतःचं डोकं अजिबात वापरू नका, आणि जिथं अडाल तिथली ओळ दुरुस्त करून पाठवा. जे आम्हाला दिसत नाही ते तुम्हाला दिसतं, आणि हे फक्त पहिल्या एक-दोन आठवड्यांत दिसतं, नंतर तुम्हीही आमच्यासारखे होता आणि अडायची जागा न बघताच ओलांडून जाता.

आठवडाभरात कोणी उत्तर दिलं नाही तर पुल रिक्वेस्टखाली एक आठवण टाका, त्यात माफी मागू नका, आमचंच राहून गेलेलं असतं. मे महिन्यात दोन आठवडे धरा.